एकोणीस, वीस

रात्री सव्वादोनला गॉजचा एक तुकडा कमी भरला.
वीस दिले होते, एकोणीस परत आले.
एलियानाने पुन्हा मोजले,
मी पुन्हा फळ्यावरचा आकडा मोठ्याने वाचला.
डॉक्टर इरारासाबाल म्हणाले, शिवून टाकू आता,
किती वेळ पोट उघडं ठेवायचं?
ती म्हणाली, नाही.
आवाज चढवला नाही. सुई दिली नाही, इतकंच.

एक्स-रेचं धूड ढकलत आणलं. पोटात काही नव्हतं.
पिशव्या उपसल्या, दिवे खाली ओढले.
तुकडा निघाला डॉक्टरांच्याच बुटाच्या तळाला,
रक्त वाळून चिकटलेला.
आम्ही सगळे हसलो.
ती हसली नाही.
एकोणीस आणि वीसच्या मधल्या फटीत
तिला एक बाई झोपलेली दिसत होती,
निएब्लाच्या किनाऱ्यावर शेवाळाच्या जुड्या विकणारी,
जिचं नाव आम्ही तोवर विसरलोही होतो.

चूक तुझी नव्हती, मी म्हटलं.
सुपरवायझरने तेच लिहून शिक्का मारून दिलं.
तिने तो कागद वाचला
आणि त्यातली तारीख चुकलीय, ती दाखवली.

पुढे ती चाळीस मिनिटं आधी येऊ लागली.
बसथांब्यावरून माघारी फिरायची,
कपाटाची कडी एकदा बघून यायला.
मुलाच्या डब्यातली द्राक्षं मोजते म्हणाली,
हसत म्हणाली, म्हणून मीही हसले.
साबणाने तिच्या बोटांची पेरं उलली होती,
त्यांवर हातमोजे चढवताना
ती श्वास रोखायची. ते मी पाहिलं होतं.

अवघड केस आली की आम्ही तिचंच नाव लिहायचो.
एलियाना असली की काळजी नाही.
कौतुकानेच म्हणायचो.
शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी
तशी आमची काळजी तिच्याकडे ठेवायचो
आणि परत न्यायला विसरायचो.

मे महिन्यात सान्तियागोहून कोणी मुलगी आली,
थकव्यावर बोलायला. बिस्किटं होती, चहा होता, फॉर्म होता.
आपला थकवा एक ते दहामध्ये लिहा.
एलियानाने नऊ लिहिलं. खोडलं. सात लिहिलं.
मग हात वर करून म्हणाली,
खाडाखोड झालीय, कोरा फॉर्म मिळेल का?

आणि जूनमधल्या एका साध्या सकाळी,
पित्ताशयाची साधी केस, कसली घाई नाही,
ती मोजत होती, पाच, सहा, सात,
आणि आठ आलाच नाही.
मास्कवर डोळे कोरडे होते.
चिमटा हवेत तसाच.
भिंतीवरचं घड्याळ ऐकू येईल इतका वेळ गेला.
आठ, मी म्हटलं.
पुढचे मीच म्हटले. हिशेब जुळला.
तिने हातमोजे काढले,
आणि त्याही वेळी
ते बरोबर पिवळ्या डब्यातच टाकले.

परवा ती नदीकाठी भेटली, मासळीबाजाराच्या मागे,
जिथे समुद्रसिंह फलाटावर लोळत असतात
आणि मासेवाले त्यांना डोकी, शेपट्या फेकतात.
परत कधी येणार, मी विचारलं.
ती म्हणाली, तो बघ, कान फाटका,
सकाळपासून काही न करता खातोय.
तिच्या आवाजात राग होता की हेवा, कळलं नाही.
मला म्हणायचं होतं,
तुला आम्हीच झिजवलं.
मी मेर्लूसा माशाच्या भावाबद्दल बोलले.
ती हो, हो म्हणत राहिली.
निघताना पाहिलं,
तिचे ओठ हलत होते,
आणि एक सिंह घसरून पाण्यात गेला की थांबत होते.

आज रात्री तिच्या जागी मी उभी आहे.
फळ्यावर कोणी नवी पोरगी लिहिते.
वीस दिले, वीस आले. जुळलं.
पुन्हा मोज, मी म्हणते.
ती मोजते. वीस.
आणखी एकदा.
मागून कोणीतरी हातमोजे ओढत
सहज म्हणतं,
तू असलीस की काळजी नाही.